बाउक्येची फॅट

आमच्या हिस्केचं काम तसं बाटल्या भरायचं. पाच-सहा आठवड्यांनी एकेका गोठ्यावर जायचं, प्रत्येक गायीचं दूध मोजायचं आणि घोटभर नमुना प्रयोगशाळेला पाठवायचा. तीस वर्षं ती नेदरलँड्सच्या या फ्रीसलंड प्रांतभर हेच करते आहे. मी तिचा नवरा. गोठ्याचा वास मला आता येतही नाही. तिचं नाक मात्र शाबूत आहे.

दुर्क तिचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या बाउक्ये गायीचं जन्मभराचं दूध लाख किलो व्हायला फक्त चारशे उरले होते. अशा गायीला आमच्याकडे हार घालतात, फोटो काढतात, गाव केक खातो. सोहळा दहा दिवसांवर होता. त्यासाठी दुर्कने ती आटली असताना तिला मका चारून पिंपासारखी केली होती. व्याली, आणि तिने वैरणीवरून तोंडच फिरवलं.

अहवालात फॅट एरवीच्या चारऐवजी सहा टक्के आणि प्रोटीन जेमतेम तीन आलं, तेव्हा हिस्के मला घेऊन तडक त्याच्याकडे गेली.

"सहा!" दुर्क म्हणाला. "म्हातारीचं दूध म्हणजे नुसती साय बघ."

हिस्के बाउक्येच्या नाकपुड्यांशी वाकली. "ही साय चाऱ्याची नाही रे, तिच्या अंगाची आहे. चरबी वितळून दुधात उतरतेय. तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास मारतोय. उपाशी आहे ती."

"तू बाटल्या भर. डॉक्टरकी नको."

"डॉक्टर बोलाव. आणि दिवसातून एकदाच धार काढ."

"मग लाख कसे होणार? केक सांगितलाय मी!"

"केक मयतालाही चालतो."

मी हातातल्या कॉफीत तोंड खुपसलं. दुर्कने दाराकडे बोट दाखवलं.

परतताना ती म्हणाली, "लाडानं मारतोय तो तिला." जरा वेळाने म्हणाली, "मी जास्त बोलले का?" दोस्त गेला आणि गायही जाणार, याची तिला भीती वाटत होती. मला तर तिचाच राग आला होता. मयताचा विषय काढायची काय गरज होती?

दुसऱ्या दिवशी बेकरीत कळलं, दुर्कने केक रद्द केला. डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. धार एका वेळेवर आली, दूध दिवसाला आठ किलोवर. गावात लोक हसले, लाखाला नजर लागली म्हणाले. पुढच्या नमुन्याला हिस्के गेली तेव्हा दुर्क गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होता.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. इतका मोठ्याने ओरडत होता की मला खुर्चीतून ऐकू आलं.

"हिस्के, चार पॉइंट दोन! फॅट उतरली गं!"

तीस वर्षांत फॅट उतरली म्हणून आनंदाने कुणी तिला फोन केला नव्हता.

"खातेय का?"

"अगं, माझी टोपीसुद्धा चावून खाल्ली."

हिस्के हसली आणि हसता हसता रडायला लागली. लाखाचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.