माधुरीच्या नावावरचं काम

माधुरी सोनावणेच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेला पेनड्राइव्ह असायचा. मरोळच्या त्या कुरिअर कंपनीत नवा माणूस आला की विचारी, "ताई, हे काय?" ती म्हणे, "यात माझी बाई राहते. भारी बडबडी आहे."

माधुरीला जन्मापासून दिसत नाही. पेनड्राइव्ह कुठल्याही कॉम्प्युटरला लावला की त्यातलं सॉफ्टवेअर पडद्यावरचं सगळं तिच्या कानात वाचून दाखवी. कॉम्प्युटरमध्ये वेगळं काही टाकावं लागत नसे, त्यामुळे बसवतील त्या खुर्चीवर ती कामाला लागे. हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारी घ्यायच्या, छडा लावायचा. कांजूरमार्गहून काठी टेकत एकटी यायची आणि नऊ वर्षं तिने हे काम डोळसांच्या तोडीस तोड केलं. तिला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

मग वरच्या कोणा शहाण्याने फर्मान काढलं की पेनड्राइव्हमधून व्हायरस येतात, सबब सगळ्या कॉम्प्युटरांवर पेनड्राइव्ह बंद. त्या सोमवारी तिने नेहमीसारखा तो लावला, तर कानात एक शब्द नाही.

एका तरी कॉम्प्युटरवर मला परवानगी द्या, असा तिने अर्ज केला. तो अर्जही शेजारच्या खुर्चीवरच्या नितेशकडून टाइप करून घ्यावा लागला, हे तिला फार झोंबलं.

नितेश जिवाला जीव देणारा. "टेन्शन नको घेऊ ताई. परवानगी येईपर्यंत तुझं काम मी ओढतो ना." काम शून्य दिसलं तर हिला काढतील, ही त्याला धास्ती. तिलाही होतीच, म्हणून तिने पासवर्ड दिला. तो जेवणाची सुट्टी मोडून तिच्या नावाने तक्रारी उरकायचा आणि ती शेजारी नुसती बसून असायची.

तीन महिन्यांनी उत्तराची मेल आली. नितेश वाचता वाचता थांबला.

"वाच ना रे. आहे तसं वाच."

"'पेनड्राइव्ह बंद झाल्यापासून आपल्या कामात कोणताही अडथळा दिसत नाही. उलट वेग वाढला आहे. सबब परवानगीची आवश्यकता नाही.'"

मग नितेश म्हणाला, "मी जाऊन खरं सांगतो. आत्ता."

"काय सांगशील? पासवर्ड मी दिला, काम तू केलंस. दोघंही घरी बसू. तुझी मुलगी शाळेत आहे ना?"

तिला त्याचा भयंकर राग आला होता. पण राग काढावा असं त्या बिचाऱ्याने काय केलं होतं? "आजच्या किती राहिल्यात?" तिने विचारलं.

"अकरा."

"उरक मग."

महिनाअखेरीस सगळ्यांसमोर सर्वांत वेगवान कर्मचारी म्हणून तिचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या वाजल्या तरी ती हलेना. शेवटी नितेशने दंडाला धरून तिला उभं केलं. नऊ वर्षांत त्या ऑफिसात कुणालाही तिला धरून उठवावं लागलं नव्हतं.