लांब वायर

"वायर जाऊ दे आत. वायरीला कसली जात? तू मात्र पायरीखालीच थांब."

आमच्या गावचे खोत हे बोलले ते हसत, पान चघळत. आपण अडचण सोडवली असंच त्यांना वाटत होतं. ग्रामदेवतेच्या गाण्याची व्हिडिओ कॅसेट काढायची होती. दिग्दर्शक मी. आणि माझी जात देवळाच्या पायरीखालची. मग कॅमेरा आत गेला, कॅमेरामन गेला, दिव्यांचे स्टँड गेले. मी बाहेर चिऱ्यावर बसलो. कॅमेऱ्याची वायर उंबरठ्यावरून बाहेर आणून माझ्यासमोरच्या छोट्या टीव्हीला जोडली. त्यात बघून मी ओरडायचं, "जरा डावीकडे घ्या."

माझ्या गावची देवी मी पहिल्यांदा अशी पाहिली. चौदा इंची टीव्हीत. शिमग्याला पालखीतून देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, बाहेर यायचे, ते पाहिले होते. गाभाऱ्यातली मूर्ती कधीच नाही. माझे बाबा जन्मभर त्या पालखीपुढे ढोल वाजवत आले होते. त्यांनीही पाहिली नव्हती. ते माझ्या मागे उभे होते. त्यांनी चपला काढल्या आणि टीव्हीला हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरीही मी "ॲक्शन" म्हणालो. कायद्याकडे बोट दाखवता आलं असतं. दाखवलं नाही. बाबांना त्याच गावात राहायचं होतं, आणि मला नाव काढायचं होतं.

नाव निघालं. गावोगाव व्हीसीआर भाड्याने आणायचे ते दिवस. चाकरमानी कॅसेट मुंबईला घेऊन गेले. जिल्ह्यातून जिकडूनतिकडून बोलावणी आली, गाण्यामागून गाणी केली. बरीचशी देवळातली. काही ठिकाणी तर माझी जात कुणी विचारलीसुद्धा नाही. मीच आपला आधी बाहेरची सावली शोधायचो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एक ओळखीचा कारागीर होता. त्याच्याकडून मी दुप्पट लांबीची वायर करून घेतली. तिचा मला अभिमान होता. आंब्याच्या कलमाखाली आरामात बसून चित्रण करणारा जिल्ह्यात मी एकटाच, असं चारचौघांत सांगायचो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग सिनेमा आला. एका शेटना माझी गाणी आवडली होती. त्यांनी पैसा घातला, मुंबईहून फिल्मचा मोठा कॅमेरा मागवला. पहिल्या दिवसाचं चित्रण आमच्याच देवळात. बाबा ढोल घेऊन आले होते, प्रसंगात वाजवायला.

मी सवयीने वायर काढली. मुंबईचा कॅमेरामन वयाने मोठा, सरळ माणूस. तो म्हणाला, याला टीव्ही लागत नाही. यात डोळा लावूनच बघावं लागतं. फिल्म मुंबईहून धुऊन येईपर्यंत दुसरं काही दिसत नाही. मग आत जाऊन त्याने हाक मारली, "या, फ्रेम बघून घ्या."

मी पायऱ्यांपर्यंत गेलो. आणि माझा पाय थांबला. कुणी काही बोललं नव्हतं. खोतांचं लक्षही नव्हतं. पाय आपोआप थांबला.

तेवढ्यात खोतांनी पाहिलं. कॅमेरामनला म्हणाले, "त्याला सांगावं लागत नाही. शहाणा आहे तो."

शेटनी लगेच तोड काढली. फ्रेम कॅमेरामन बघेल, तू बाहेरून 'ओके' म्हण. सगळं युनिट माझ्याकडे बघत होतं. न पाहिलेल्या गोष्टीला मी ओके म्हणायचं होतं. सिनेमा हातात होता, फक्त तेवढं म्हणायचं होतं.

बाबांनी गळ्यातला ढोल काढून खाली ठेवला. माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मला त्यांनी अडवलानी. तुला आज कोणी अडवलान नाय. तू आपणच थांबलास."

मी वर चढलो. उंबरठा ओलांडला. मागे आरडाओरडा सुरू झाला होता. कॅमेऱ्याला डोळा लावला आणि नीट पाहिलं. समईचा उजेड मूर्तीच्या एका गालावरच पडत होता. मी म्हणालो, "समई डावीकडे घ्या." आतून म्हणालो.

तो शॉट झाला नाही. खोतांनी चित्रण बंद पाडलं, देऊळ धुऊन काढलं. आठवडाभरात शेटनी सिनेमा दुसऱ्याला दिला. त्या शिमग्याला बाबांना दोनदा बोलावणं आलं. ते गेले नाहीत. पालखी ढोलाशिवाय निघाली.

पुढचा सिनेमा मिळायला तीन वर्षं गेली. त्या निर्मात्याला पहिल्याच भेटीत मी एक अट घातली. आजही प्रत्येकाला घालतो. कॅमेरा जिथे जाईल तिथे मी त्याच्या आधी जाईन. मला अडवणार असाल, तर कॅमेरा गाडीतून उतरणार नाही.