कॉलबॉय आणि चिमणी

"मॅडम, या गोष्टीचं शेवटचं पान कुठं गेलं?" साहेबांनी प्रूफं माझ्या टेबलावर आपटली.

"कुठंही गेलं नाही. गोष्ट तिथंच संपते."

"चिमणी दार उघडतच नाही? अहो, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, ती उघडते!"

प्रूफ म्हणजे पुस्तक छापण्याआधी तपासायला काढलेली पानं. माझी सगळी नोकरी ती वाचण्यात गेली. नव्वदच्या दशकाची अखेर होती. पुण्यातल्या आमच्या छोट्या प्रकाशनानं लहानपणीच्या गोष्टी मोठ्या वाचकांसाठी नव्यानं लिहायचं काढलं होतं. मी मूळची शिरूरची. म्हणून घोडनदीपासून दौंडपर्यंतच्या गोष्टी गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

चिमणी-कावळ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ. कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो भिजत चिमणीच्या दाराशी येतो. ती आतून म्हणते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, तीट लावते. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या सरूमामींनी मला ती सांगितली. त्यांचे यजमान मालगाडीवर गार्ड होते. मामी 'थांब'पर्यंत आल्या आणि गप्प झाल्या. मला वाटलं, विसरल्या असतील. पण ऐकलं तसं लिहायचं, म्हणून तसंच लिहिलं.

"दोन ओळी वाढवा," साहेब म्हणाले. "दार उघडलं, कावळा आत आला, संपलं. हवं तर त्या बाईंना विचारून या."

चडफडत सकाळची दौंड शटल पकडली. मामी उंबऱ्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

"मामी, शेवटी चिमणी दार उघडते असं लिहू ना?"

"कुणासाठी उघडती?"

"कावळ्यासाठी."

"ताई, आमच्यात दार कावळा न्हाई वाजवत. कॉलबॉय वाजवतो."

मालगाडीला ठरलेली वेळ नसते. गाडी तयार झाली की गार्डला बोलवायला घरी माणूस यायचा. त्याला म्हणायचे कॉलबॉय, मग तो टक्कल पडलेला पन्नाशीचा का असेना.

"हे नुकतंच येऊन पडल्यालं असायचं," मामी सांगू लागल्या. "कडी वाजली की मी आतनंच म्हणायची, थांबा, पोराला न्हाऊ घालतीय. थांबा, डबा भरतीय. तेवढीच ह्यांना झोप. पोरं हसायची, आई चिमणी झाली म्हणायची. मग गोष्ट बी तशीच झाली."

"आणि मग दार?"

"येकदा सकाळी कडी वाजली. मला वाटलं दूधवाला. पातेलं घिऊन थेट दारच उघडलं. बघते तर कॉलबॉय." त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "त्या ड्यूटीवरनं हे परत आलंच न्हाईत. गाडीतच छातीत कळ आली. तवापासनं माझी चिमणी दार उघडत न्हाई. लई आठवण येती हो ताई. तुम्ही उघडू नका."

मीही मेथी निवडू लागले. दोघींनी मिळून ढीग संपवला.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वाचक बोंब मारतील, पान गहाळ आहे म्हणून."

"मारू देत. फोन मी घेईन."

"घ्याच!"

दार बंद ठेवूनच पुस्तक छापलं. आणि फोन आले की! शिरूरच्या मार्केट यार्डातून एक आडते तर चांगलेच तापले होते.

"बाई, पान ऱ्हाऊ द्या. चिमणीनं उघडलं का न्हाई, तेवढं सांगा."

"नाही उघडलं."

"आरं तिच्या!" म्हणाले, आणि जरा वेळानं हळूच, "बरं," म्हणून फोन ठेवला.

पुस्तकाची प्रत द्यायला मी दौंडला गेले. दार लोटलेलं होतं. घरात मामींशिवाय कुणी राहत नव्हतं, पोरं केव्हाच कामाधंद्याला पुण्याला गेली होती. मी कडी वाजवली.

आतून आवाज आला, "थांबा, डबा भरतीय!"

मी कडीवरचा हात काढून घेतला आणि पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं त्यांनीच दार उघडलं, मला बघून लाजल्या, म्हणाल्या, "सवय, दुसरं काय!"

नोकरीत एवढं शिकले. गोष्टीत पान कमी वाटलं, तर आधी सांगणाऱ्याला विचारावं. आणि दौंडला कुणी 'थांबा' म्हटलं, तर गुमान थांबावं.