पाहुणीसाठी स्थळ

आधी माफी मागतो. लिहिण्याचा मला तसा काही अधिकार नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी लिहिलं असेल तर ते पोत्यांवर, काळ्या शाईनं, व्यापाऱ्याची खूण म्हणून. वडील मार्केट यार्डात भुसार मालाच्या एका गाळ्यावर हमाल आहेत, आई गावाकडे असते, आणि कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं असं घरच्यांचं मत आहे. ते खोडून काढायला मला अजून धीर झालेला नाही. त्यात पुण्यात लिहिणाऱ्यांची टंचाई आहे असंही नाही, आणि माझा विषय एक मांजर. तेव्हा चुका सापडतील त्या कळवाव्यात असं म्हणणार होतो, पण या शहरात ते वेगळं सांगावं लागत नाही, हे मला याच मांजरीमुळे कळलं.

वडिलांच्या गाळ्यावर एक करडी-पांढरी मांजरी होती. पाच-सहा वर्षं ती तिथं नोकरीला होती म्हणायला हरकत नाही. काम उंदरांपासून पोती राखण्याचं, सुट्टी नाही, बढती नाही. मागच्या थंडीत वडिलांनी रचलेली ज्वारीची थप्पी एका बाजूनं घसरली. वडील वेळेवर बाजूला झाले. मांजरी अर्धीच झाली. मागचं अर्धं अंग पोत्याखाली राहिलं. शेठनं येऊन पाहिलं, हळहळ व्यक्त केली आणि सांगितलं, "नदीकडं सोडून या हिला कुणीतरी." शेठचा स्वभाव मुळात मायाळू आहे, नाहीतर "नदीत" म्हणाले असते.

वडिलांनी मला फोन केला. "कॉलेजात हाईस ना तू? मग हिचं काय ते बघ."

मी वाणिज्य शाखेला आहे. तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "आसू दे. बघ."

जनावरांच्या डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. "मणक्याला मार आहे. मागचे पाय आता परत येणार नाहीत. लघवीही आपली आपण होणार नाही. दिवसातून तीनदा पोट दाबून काढावी लागेल, रोज, जन्मभर. नाही काढली तर दोन-तीन दिवसांत संपेल. बाकी मांजर ठणठणीत आहे." 'बाकी' हा शब्द इतक्या सढळ हातानं वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी माझी बोटं तिच्या पोटावर ठेवून मूत्राशय कुठं लागतं ते दाखवलं. साधारण लिंबाएवढं. मी दहा मिनिटं धडपडलो. मांजरीनं माझ्याकडे पाहिलं. गाळ्यावर नवा हमाल आला की जुने त्याच्याकडे जसं पाहतात, अगदी तसं.

मी कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहतो. खोलीत आम्ही दोघं, खाली घरमालक, आणि मधल्या जिन्यात त्यांच्या पाट्या. "पाळीव प्राणी चालणार नाहीत." त्याखाली "पाहुणे चालणार नाहीत." त्याखाली "विचारून पाहू नये." दोन्ही गोष्टींना सारखीच बंदी असल्यामुळे आम्ही त्यातल्या त्यात माणसाच्या जवळची निवडली आणि मांजरीला पाहुणी म्हणू लागलो. माझा खोलीतला सोबती इंजिनीअरिंगचा. तो म्हणाला, "ब्रो, रिस्पेक्ट. पण मी हात लावणार नाही." हा पाठिंबा त्यानं शेवटपर्यंत टिकवला.

सकाळी लेक्चरच्या आधी एकदा, दुपारी सायकल मारत येऊन एकदा, संध्याकाळी एकदा. वर्गात माझी कीर्ती झाली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं एकदा विचारलं, "तू रोज मधल्या सुट्टीत कुठं पळतोस?" मी खरं सांगितलं. त्यानंतर तिनं काही विचारलेलं नाही.

दोन आठवड्यांत मालक जिन्यात भेटले.

"आपण कॉलेजात शिकता ना?"

"हो काका."

"वाचता येतं?"

"हो."

"मग खालची पाटी वर जाईपर्यंत विसरायला होतं का?"

"ती आजारी आहे, काका."

"आजारी पाहुणे तर मुळीच नाहीत. महिनाअखेरपर्यंत मुदत देतो. मी काही निर्दय नाही."

गाळ्यावर दिवसातून तीनदा तिच्यासाठी थांबायला कुणाला सवड नव्हती, आणि गावाकडे आमच्या गल्लीत कुत्र्यांचंच राज्य आहे. म्हणजे महिनाअखेरपर्यंत घर मिळालं नाही तर शेठचा मायाळू सल्ला तेवढा उरत होता. आणि दर शनिवारी, यार्ड बंद असतं त्या दिवशी, वडिलांचा फोन यायचा. "झालं का काय मांजरीचं?" ते मांजरीविषयीच विचारत, पण घसरलेली थप्पी त्यांनीच रचली होती हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

घर शोधायचं म्हणजे काय करायचं, हे मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. एक मात्र आमच्याकडे सगळ्यांनाच येतं, ते म्हणजे स्थळ शोधणं. गावातली निम्मी लग्नं माझ्या आत्यानं जमवली आहेत. तिला फोन केला. तिनं मांजर म्हटल्यावर आधी दोन शिव्या घातल्या आणि मग अनुभवाचे बोल सांगितले. "व्यंग कागदावर मांडायचं न्हाई. आधी मान्सं येऊ दे, पोहं खाऊ दे. पोहं खाल्ल्यालं मानूस लगीच न्हाई म्हनत न्हाई. मग हळूच सांगायचं."

मी तसाच बायोडेटा तयार केला. वय सुमारे सहा. वर्ण करडा-पांढरा. डोळे घारे. स्वभाव शांत, घर सोडून कुठे भटकत नाही. कामाचा दांडगा अनुभव. अपेक्षा: सुसंस्कृत कुटुंब. फोटो कमरेपर्यंतचा. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, ही त्यातली खरी कारागिरी.

चौथ्या दिवशी जवळच्याच सोसायटीतलं एक जोडपं आलं. दोघंही आयटीत. मी कोपऱ्यावरच्या टपरीवरून पोहे आणून ठेवले होते. पाहुणी टॉवेलात गुंडाळून बसली होती, आणि ती आयुष्यात इतकी सुंदर कधी दिसली नसेल.

"ओ माय गॉड, किती शांत आहे ही," बायको म्हणाली.

"सारखी बसूनच असते का?" नवऱ्यानं विचारलं.

"पायाला थोडं लागलंय," मी म्हणालो. पोहे त्यांच्या घशात होते आणि पुढचं वाक्य माझ्या. ते काही बाहेर येईना, आणि ते दोघं पाहुणीला टोपलीत घालून घेऊनही गेले. संध्याकाळी फोनवर सगळं नीट सांगू असं मी ठरवलं. समोरासमोर बोलायचं धाडस नसलेल्या माणसाला फोनवर कुठून येणार होतं, हा विचार मी केला नाही. संध्याकाळी पाच वेळा फोन केला. नंतर कळलं, ते बाहेर जेवायला गेले होते, फोन घरी. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात, बैठकीत. त्या दिवशी सायकलवरून त्यांच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत गेलो. रखवालदारानं फ्लॅट नंबर विचारला. तो मला माहीत नव्हता. मुलगी दिली आणि घर पाहिलं नाही, असं आमच्यात कुणी केलं असतं तर आत्यानं त्याला वाळीत टाकलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेच टोपली घेऊन दारात आले. रागावलेलेही नव्हते. "अरे, ती पाय ओढते," बायको म्हणाली. "आणि दोन दिवस तिनं शू केलीच नाही. आम्हांला वाटलं, नवी जागा म्हणून असेल. तू सांगायचं तरी ना." पोट हाताला दगडासारखं लागत होतं.

डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं. तोवर मी सगळं कबूल केलं. हात धुताना म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत थांबला असतास तर इथं आणायची गरज पडली नसती. स्थळ जमवत होतास ना? उत्तम. असंच जमवत राहा."

मी टोपली मांडीवर घेऊन तिथंच बाकावर बराच वेळ बसलो. वडिलांकडून थप्पी चुकून घसरली होती. माझ्याकडून काही घसरलं नव्हतं, मी तर सगळं विचार करून केलं होतं.

दुसरी जाहिरात मी पहिल्या ओळीपासून उलटी लिहिली. "या मांजरीचे मागचे पाय गेलेले आहेत. तिची लघवी रोज तीनदा हाताने काढावी लागते. एकही दिवस चुकवून चालत नाही. तरीही कुणाला हवी असेल तर." फोटो पूर्ण. किराणा दुकानात, झेरॉक्सच्या दुकानात, वाचनालयाच्या फळ्यावर लावली, आणि पुणेकरांचा प्रतिसाद उदंड होता. एकानं फोन करून विचारलं, "मांजर फुकट आहे हे कळलं, पण रोज येऊन लघवी काढायचं तुम्हीच बघणार ना?" एक बाई म्हणाल्या, "आम्ही देशी घेत नाही. पर्शियनचं असं काही झालं असतं तर विचार केला असता." वाचनालयातला कागद दोन दिवसांनी पाहिला तर कुणीतरी लाल शाईनं माझ्या तीन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका गोल करून दुरुस्त केल्या होत्या. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "मांजर नको आहे."

मुदतीला पाच दिवस उरले असताना एक फोन आला. बाईंचा आवाज, नमस्कार नाही, नाव नाही.

"कितीदा काढतोस?"

"तीनदा."

"रंग?"

"पिवळसर. मागं एकदा लाल होता. माझ्या चुकीनं."

"काय चूक?"

मी सगळं सांगितलं. पोह्यांसकट.

"शनिवारी आण," त्या म्हणाल्या, आणि खडकीतला पत्ता सांगितला.

इस्पितळात परिचारिका म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. एकट्याच राहत होत्या. शनिवार असल्यानं वडीलही आले, इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत गाळ्यावरचं एक जुनं गोणपाट घेऊन. दारातच बाईंनी ते पाहिलं.

"धुतलेलं आहे का?"

"न्हाई बाई. धुतलं तर वास जाईल. ह्याच वासात वाढली हाय ती."

बाईंनी गोणपाट घेतलं आणि खिडकीखाली अंथरलं. मग मला म्हणाल्या, "दाखव कसं काढतोस." मी सुरू केलं. मिनिटभरात त्यांनी माझा हात बाजूला सारला. "हात बर्फासारखा गार आहे. तुझ्या पोटावर कुणी असा हात ठेवला तर तुला होईल?" त्यांनी तळवे एकमेकांवर घासले, दोन बोटं टेकवली, आणि अर्ध्या मिनिटात काम संपलं. पाहुणीनं डोळे मिटले होते. जवळजवळ महिनाभर मी तिच्यावर गार हातांनी प्रेम करत होतो.

चहा आला तेव्हा वडिलांनी कप हातात धरला, पण प्यायला नाही. आत्या असती तर तिनं त्यांना चिमटा काढला असता. "बाई, आधीच सांगतो. ती माझ्याच थप्पीखाली आली."

"मुद्दाम पाडली होती?"

"न्हाई."

"मग चहा प्या. गार होतोय."

निघताना त्यांनी अट घातली. "रोज फोन करून माझं डोकं खायचं नाही. काही झालं तर मीच कळवीन."

पाटीवर लिहून जिन्यात लावावी अशी ही अट आम्ही पाळली. मालकांनी वर येऊन खोली तपासली, कॉटखाली वाकून पाहिलं आणि "अरेरे, गेली का," असं म्हणून खरोखर थोडे हिरमुसले. दर शनिवारी वडिलांचा फोन येई.

"काय झालं का?"

"काही नाही."

"म्हंजी बरंय." आणि फोन ठेवता ठेवता, "बरंच आसंल, न्हाई का?"

थंडी गेली, उन्हाळा गेला. परीक्षा होऊन निकालही लागला. मी पास झालो, ही बातमी वडिलांनी गाळ्यावर एकदाच सांगितली. शेवटी गेल्या शनिवारी सकाळी खडकीचा नंबर फोनवर दिसला आणि मला उचलवेना. उचलला.

"काही झालं तर कळवीन म्हटलं होतं," बाई म्हणाल्या.

"हो."

"झालंय."

मी कॉटवर बसलो.

"पाल मारली."

"कुणी?"

"मी मारीन का या वयात? तिनं. कपाटामागून ओढून काढली आणि माझ्या चपलेत आणून ठेवली. परवा ते गोणपाट धुवायला भिजवणार होते, त्याचा राग असेल. नाही धुतलं, सांग वडिलांना." आणि फोन बंद.

मी लगेच वडिलांना लावला. यार्ड बंद, पण ते गाळ्यावरच होते, आणखी दोघातिघांबरोबर. मी शब्दन्‌शब्द सांगितलं.

"चपलेत ठिवली?" ते म्हणाले.

"हो."

"हितं शेठच्या गादीवर ठिवायची." मग त्यांनी फोन तोंडापासून दूर धरला असावा, कारण पुढचं मोठ्यानं, पण लांबून ऐकू आलं. "आरं, पाल मारली! आपल्या मांजरीनं!"