कॉम्प्युटरमधले अब्बा
काल बायकोने मोबाईलवर पनवेलचं घर दाखवताना कपाटातून कॉम्प्युटरचं हिरवं सॅटिनचं कव्हर काढून समोर धरलं. कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला, कव्हर तेवढं अम्मीने जपलंय. अब्बा कुवेतला होते तेव्हा दर जुम्म्याला, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, अम्मी ते कव्हर उतरवायची आणि त्या टेबलासमोरच दस्तरखान अंथरायची. सुरमईच्या कालवणाच्या वासात आम्ही इकडे जेवायचो, पडद्यावर अब्बा तिकडे. ते कुवेतला गेले तेव्हा धाकटी बहीण पाळण्यात होती. तीन वर्षांनी ते सुट्टीवर आले, तर ती त्यांच्याजवळ जाईना. जुम्म्याला अब्बा आमच्यात जेवायला बसले आणि ती त्यांच्याकडे पाठ करून, बंद कॉम्प्युटरपुढे रडायला लागली, "अब्बांना लाव ना!" अब्बा अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतला, चपला घालून बाहेर पडले. अम्मीला काय समजलं कोण जाणे, तिने कॉम्प्युटर चालू केला. थोड्या वेळाने पडद्यावर अब्बा दिसले. मागे आमच्याच गल्लीतल्या सायबर कॅफेची गुलाबी भिंत. बहीण खुदकन हसली. पडद्याला नाक लावून हळूच म्हणाली, "अब्बा, आपल्या घरात कोन मानूस आलाय? तो कदी जानार?" अब्बा म्हणाले, "जाईल बेटा, लवकरच जाईल." आता कुवेतला मी असतो. मोबाईल खिशातच, त्यामुळे जुम्म्याची वाट कोणी बघत नाही. माझी मुलगी रोज काचेवर माझे पापे घेते. माझी सुट्टी मंजूर झालीय. घरी सांगायचा धीर होत नाही.