सहा अंक शहराला, दोन खेड्याला

तेलगावच्या फाट्यावर मी पुण्याची एसटी धरली तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, कंडक्टरला सांगत होते, "पोरगं लई हुशार हाय, पर वाट चुकतं. नीट उतरवा." आणि या वाट चुकणाऱ्याला नोकरी लागली ती नकाशाच्या सॉफ्टवेअरची! गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, आत्ताच हसून घ्या. पुढचं हसण्यासारखं नाही.

आमचं ॲप रुग्णवाहिकेला घर दाखवतं. घर म्हणजे दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. दशांश चिन्हापुढं सहा अंक ठेवले की गाडी उंबऱ्याशी जाते. दोनच ठेवले तर पार किलोमीटरभर इकडंतिकडं. आमच्या मॅनेजरनं शहरांना सहा ठेवले, खेड्यांचे छाटून दोन केले. "खेड्यात काय, सगळं रानच. उगाच डेटा कशाला वाढवायचा?" मी भांडलो. त्यानं कॉफी मागवली.

भादव्यात माझी बहीण सुमन बाळंतपणाला माहेरी आली. आमचं घर शेतातल्या वस्तीवर. कळा सुरू झाल्या, भावानं ॲपवर गाडी बोलावली, आणि गाडी येऊन थांबली नाल्याच्या पलीकडं, बाभळींच्या रानात. नाला दुथडी भरलेला. भाऊ फोनवर ओरडतोय, "आवो, तिकडं न्हाई, हिकडल्या काठाला या!" ड्रायव्हर बिचारा म्हणतोय, "नकाशा तर हितंच घर दाखवतोय." शेवटी सुमनला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून निघाले. वाटेतच, भर चिखलात, लुगडं आडवं धरून आईनं तिला मोकळी केली. लेक झाली. दोघी जगल्या, पण आमच्या ॲपमुळं नव्हे.

हे मी ऑफिसात सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "अरे वा, मामा झालास! पेढे कुठायत?" शिसारी आली मला. त्या काचेच्या केबिनची, त्या कॉफीच्या वासाची, गळ्यातल्या कंपनीच्या पट्ट्याचीसुद्धा किळस आली. अजून येते. पगार घेतो आणि किळसही करतो, असं हे माझं पुण्यातलं बस्तान.

पूर्वी घर म्हणजे दिवाळीला जायची जागा होती. आता मला ते चोवीस तास सांभाळावं लागतं, इथं बसून, या लोकांपासून.

परवा मीटिंगमध्ये मॅनेजरनं मोठ्या पडद्यावर आमच्या तालुक्याचं काम दाखवलं. सुमनच्या नावापुढं हिरवी खूण होती: 'गाडी घरी पोहोचली.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभा राहिलो.

"कुनाच्या घरी?" मी विचारलं. "तिथं नुसत्या बाभळी हायेत."