हाड म्हटलं की येणारी नवरी

आमच्या घरात तेव्हा एकच खोली, एकच पंखा आणि कमावणारं एकच माणूस होतं, आई. अण्णा, माझे वडील, गेल्यावर ती पहाटे हर्सूलहून धुण्याभांड्याच्या कामाला पायी निघायची आणि वाटेतली कुत्री तिच्या मागं लागायची. एकदा तर पोटरी फाडली. त्या पोटरीच्या जिवावर मी बी.ए. झाले, आमच्या खानदानात पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

कॉलेज करता करता मी औरंगपुऱ्यातल्या एका बोळात साड्यांना फॉल लावायला जायचे. दुकानाच्या मालकिणीला सगळी गल्ली फौजदारीण म्हणायची. नवरा पोस्टात होता. फौजदारी हिच्या आवाजात होती. मी तिला आत्या म्हणायचे. ती मला 'ए बीए' म्हणायची, निकाल लागायच्या आधीपासून.

गिऱ्हाइकावर खेकसणारी ही बाई रस्त्यावरची मोडकी कुत्री उचलून आणायची, बरी करायची आणि घर बघून द्यायची. घर बघणं म्हणजे उलटतपासणीच. सिडकोतले एक साहेब म्हणाले, "अगदी पोटच्या पोरासारखं सांभाळू."

"पोराला मारता का?"

साहेब जरा घुटमळले.

"उठा," आत्या म्हणाली आणि त्यांच्या पुढचा चहा उचलून मला दिला.

सगळी खपली, नवरी नावाची कुत्री तेवढी राहिली. पाहुणा आला की तोंड लपवायची म्हणून हे नाव. कुणीतरी जवळ बोलावून तिच्या पाठीवर उकळतं पाणी ओतलं होतं, असं समोरचा पानवाला सांगायचा. येणारा प्रत्येक जण गुडघ्यावर बसून लाडानं "यू यू यू" करायचा आणि नवरी कपाटामागं मुतायची. दोन घरांतून परत आली. "पोरांशी खेळत नाही," म्हणाले. "मग सर्कशीतून आणा," आत्या म्हणाली.

तेवढ्यात आत्याचे गुडघे पार गेले. मुलगा ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायला आला, पुढं तिथंच राहायचं होतं आणि त्याच्या फ्लॅटात कुत्रं चालत नव्हतं. आत्या अडून बसली. "हिला रस्त्यावर सोडली तर चार दिसांत मरंल. हिचं झाल्याबिगर मी हलत नाय. रांगत जाईन मोरीपर्यंत." आणि खरंच भिंत धरून चालायची.

दुकानाचं सामान हलवायची ठोकाठोक सुरू झाली तेव्हा नवरीला दोन दिवस आमच्याकडं ठेवायचं ठरलं. सोडायला आलेल्या आत्याला आईनं दारातच सांगितलं, "माझ्याजवळ आली तर हाकलीन."

"ती कशाला येती वैनी? तिला माणसाचं वावडं हाय."

"बरंय मग. मला कुत्र्याचं हाय."

आई खोलीच्या एका कोपऱ्यात देवाच्या वाती वळत बसली, नवरी दुसऱ्या कोपऱ्यात. दोघी एकमेकींना भिऊन. नवरी हलली की आई म्हणायची, "हाड." आता पोटरी फाटलेल्या बाईच्या हाडमध्ये जोर कुठला? नुसती कुजबूज. नवरी थांबायची, बघायची, वीतभर पुढं सरकायची. "हाड गं," आई मागं सरकायची. शेवटी मागं भिंत आली.

तिसऱ्या दिवशी आत्या रिक्षानं न्यायला आली. दारातून "नवरी, यू यू," म्हणाली आणि नवरी थेट पलंगाखाली.

"बघा, ही असली," आई वैतागून म्हणाली. "हाड! हाड म्हणते ना!"

नवरी शेपूट हलवत बाहेर आली आणि आईच्या पायावर हनुवटी टेकवून बसली.

आत्या हसून हसून उंबऱ्यावरच बसली. "वैनी, हाकलताय का बोलावताय?"

"हाकलतेच हाय. ऐकतच नाय मेली."

मग आत्याचं हसू गेलं. ती मला म्हणाली, "ए बीए, त्या पाणी टाकणाऱ्यानं पण यू यूच केलं असंल गं. आन् आपण समदे त्याच्याच शब्दानं बोलवत होतो." आवाजाशिवाय बसलेली आत्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आईची उलटतपासणी तिनं घेतली नाही. फक्त म्हणाली, "वैनी, तुम्ही हाकलत राहा." आणि रिक्षात बसली. आमच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. रिक्षावाल्यावर मात्र कोपऱ्यापर्यंत ओरडत गेली.

आत्याचे दोन्ही गुडघे झाले. मला नोकरी लागली, आईनं घरकामं सोडली. आणि नवरी आता दार उघडं असताना भर दुपारी दारात आडवी पडून झोपते. येणारे-जाणारे तिला ओलांडून जातात.